आयकॅट: ‘पर्यावरण’ हा रिकामा रकाना भरणारी मोजपट्टी, आणि ती जिथे अपुरी पडते

परकी मुंगी, गोगलगाय किंवा बुरशी नव्या जागी सापडली की काय करायचं हे ठरवायला एक तक्ता मांडला जातो. पिकांचं नुकसान, व्यापारावर येणारे निर्बंध, फवारणी, माणसांचे पगार, सगळे रकाने भरलेले असतात. शेवटचा रकाना ‘पर्यावरण’. त्यात एक तर आडवी रेघ असते, नाहीतर ‘लक्षणीय’ एवढाच शब्द. बेरीज करताना रेघेचं शून्य होतं, आणि ‘लक्षणीय’चंही शून्यच होतं. जंगलातल्या ज्या झाडाला मालक नाही, ज्या पक्ष्याला बाजारभाव नाही, त्याच्या बाजूने तक्त्यात बोलणारं कुणीच उरत नाही. निर्मूलन परवडत नाही हा निष्कर्ष कित्येकदा याच शून्यातून आलेला असतो.

हा रकाना शिस्तीने भरता यावा यासाठी जी साधनं आज उपलब्ध आहेत, त्यांत आयकॅट आम्हाला सर्वात भरवशाची वाटते. तिच्याकडून भलत्याच अपेक्षा ठेवल्या तर मात्र ती दिशाभूल करते. दोन्ही बाजू इथे तपशिलात मांडतो.

आयकॅट म्हणजे परक्या प्रजातींच्या पर्यावरणीय परिणामांची वर्गवारी. धोक्यातल्या प्रजातींची लाल यादी चालवणारी आययूसीएन ही संस्था तिच्यामागे आहे. २०१४ साली संशोधकांनी आराखडा मांडला, २०१५ मध्ये वापराची पद्धत प्रसिद्ध झाली आणि २०२० मध्ये आययूसीएनने ती जागतिक मानक म्हणून स्वीकारली. हे सॉफ्टवेअर नव्हे. निकषांची एक पुस्तिका आणि ती वापरायची मार्गदर्शिका, दोन्ही विनामूल्य, एवढंच हाती येतं. निकष समजायला एक दिवस पुरतो. वेळ जातो तो पुरावा शोधून वाचण्यात. प्रजातीवर भरपूर लिहिलं गेलं असेल तर त्यात आठवडे जातात.

पाच पायऱ्या

पायऱ्यांच्या नावांची मराठी रूपं आम्ही केलेली आहेत. ‘किमान चिंता’ म्हणजे परकी प्रजाती तिथे आहे, अभ्यासही झाला आहे, पण स्थानिक जिवांच्या वाढीवर, विणीवर किंवा जगण्यावर तिचा फरक पडलेला दिसत नाही. ‘किरकोळ’ म्हणजे जिवांना त्रास होतो, वाढ खुंटते, पिल्लं कमी होतात, पण त्या जागची एकूण संख्या घटत नाही. ‘मध्यम’ म्हणजे निदान एका स्थानिक प्रजातीची संख्या घटते. ‘मोठा’ म्हणजे ती त्या जागेवरून पार नाहीशी होते, पण परक्या प्रजातीला हटवलं तर आपसूक परतू शकते. ‘प्रचंड’ म्हणजे नाहीशी होते आणि आपसूक परतणारही नाही.

या रचनेची खरी करामत अशी की प्रत्येक पायरीला वेगळी वस्तू मोजावी लागते. आधी एकेक जीव, मग त्यांची संख्या, मग त्या जागी कोणकोणत्या प्रजाती उरल्या हे. एखाद्या अभ्यासाने फक्त रोपांची उंची मोजली असेल, तर परकं गवत कितीही भयंकर दिसत असलं तरी तेवढ्यावरून ‘मध्यम’ लिहिता येत नाही. ‘परिसंस्था उद्ध्वस्त झाली’ अशी वाक्यं इथे चालत नाहीत. कुणाची संख्या, कुठे, किती घटली, ते दाखवावं लागतं. परक्या प्रजातींबद्दलच्या लिखाणात ठाम विशेषणं फार आणि मोजमापं थोडी असतात. म्हणून ही सक्ती आम्हाला मोलाची वाटते.

चौथी आणि पाचवी पायरी यांच्यातली रेघ जरा नीट समजून घ्यावी लागते, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा राहतो. परतण्यासाठी मुदत आहे १० वर्षं किंवा ३ पिढ्या, यांपैकी जी जास्त असेल ती. माणसाने जाणीवपूर्वक आणून सोडलेलं परतण्यात धरत नाहीत. दोन वर्षांची पिढी असलेल्या किड्यासाठी ३ पिढ्या म्हणजे ६ वर्षं, तेव्हा मुदत १० वर्षांची. पिढी ४० वर्षांची असलेल्या झाडासाठी हीच मुदत १२० वर्षांची होते. म्हणजे ‘मोठा’ या एकाच शब्दाखाली दशकभराची अनुपस्थितीही बसते आणि शतकाहून लांब अनुपस्थितीही. वर्गवारी म्हणून यात चूक काही नाही, कारण झाड आणि किडा यांना एकाच घड्याळाने मोजणं योग्य नव्हेच. पण पायरीवरून पैशांच्या हिशेबात उतरताना ही वर्षं वेगळी लिहून ठेवली नाहीत, तर ती हरवतात.

पायरीबरोबर परिणाम कसा घडतो तेही नोंदवायचं असतं. त्यासाठी १२ यंत्रणा दिल्या आहेत: स्पर्धा, शिकार, संकर, रोगप्रसार, परजीविता, विषबाधा, अंगावर वाढून किंवा इतर प्रकारे होणारा थेट शारीरिक उपद्रव, चरणं-कुरतडणं, परिसराच्या रसायनात बदल, भौतिक स्थितीत बदल, रचनेत बदल, आणि दुसऱ्या प्रजातींमार्फत होणारा अप्रत्यक्ष परिणाम. निर्णयासाठी ही नोंद पायरीइतकीच कामाची आहे. शिकारी काढला की शिकार थांबते. मातीचं रसायन बदलणारं झुडूप काढलं तरी माती बदललेलीच राहते. पायरी एकच असली तरी निर्मूलनाने मिळणारं फळ सारखं नसतं.

एक नोंद जवळून

युग्लँडिना रोझिया या शिकारी गोगलगायीची नोंद भरून पाहू. जागा: मूरिया बेट, फ्रेंच पॉलिनेशिया. यंत्रणा: शिकार. बाधित प्रजाती: पार्टुला या झाडावर राहणाऱ्या छोट्या गोगलगायी; मूरियावर त्यांच्या ७ प्रजाती होत्या. घटनाक्रम: शिकारी गोगलगाय १९७७ मध्ये सोडली गेली आणि १९८७ पर्यंत तिथल्या पार्टुला निसर्गातून जवळजवळ पुसल्या गेल्या.

आता पायरी ठरवायची. संख्या घटली का? घटली, आणि त्यापलीकडे जाऊन प्रजाती नाहीशा झाल्या, तेव्हा ‘मध्यम’ मागे पडलं. आपसूक परततील का? या प्रजाती जगात दुसरीकडे कुठेच नव्हत्या, शेजारच्या बेटावरून सरकत येण्याची सोय नाही. ज्या वाचल्या त्या मुख्यतः माणसांनी बंदिस्त जागेत सांभाळल्या म्हणून. त्यांना पुन्हा बेटांवर सोडण्याचं काम २०१५ पासून सुरू झालं, पण ते माणसाचं काम आहे, आपसूक येणं नाही. म्हणून पायरी ‘प्रचंड’.

खात्री किती? इथे विचारायचं की दुसरं कारण असू शकतं का. अधिवास तुटला असता तर नुकसान तोडीच्या जागी दिसलं असतं. इथे शिकारी गोगलगाय जसजशी पुढे सरकली तसतशा तिच्या मागच्या भागातून पार्टुला गेल्या, चांगल्या जंगलातूनही. आधीची आणि नंतरची मोजणी एकाच जागची आहे. खात्री ‘उच्च’.

ही नोंद निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. युग्लँडिना तिथे चुकून पोचली नाही. पिकं खाणाऱ्या राक्षसी आफ्रिकन गोगलगायीवरचा उपाय म्हणून तिला आणून सोडलं होतं. रोगापेक्षा इलाज भयंकर ठरला. उपाययोजना ठरवणाऱ्या तक्त्यात त्या वेळी पार्टुलांसाठी रकाना असता, तर या उपायाच्या नावापुढे काय लिहावं लागलं असतं ते प्रत्येक जैविक नियंत्रणाच्या प्रस्तावाआधी आठवावं.

नोंद भरताना चुका कुठे होतात? सर्वात जास्त घोळ खात्रीच्या रकान्यात. उच्च, मध्यम आणि कमी हे तीन शब्द पुराव्याबद्दल असतात, नुकसानाबद्दल नव्हे. पण घाईत भरणारा माणूस ‘प्रचंड, खात्री कमी’ हे वाचून मनातल्या मनात त्याचं ‘मध्यम’ करून टाकतो. तसं करायचं नाही. दोन्ही शब्द वेगळे ठेवायचे आणि निर्णय घेणाऱ्यापर्यंत दोन्ही पोचवायचे. दुसरी चूक अभ्यासाच्या आकाराची. हातभर चौकटीत परक्या मुंगीने स्थानिक मुंग्या हुसकावल्या म्हणजे त्या टेकडीवरून नाहीशा झाल्या असं होत नाही. चौकट जिथल्या तिथे राहते, मुंग्या पलीकडे असू शकतात. मोजणीचा आकार स्थानिक प्रजातीच्या वस्तीच्या आकाराशी जुळत नसेल तर खात्री खाली आणायची. तिसरी चूक, एकच मूळ अभ्यास पाच लेखांत उद्धृत झालेला असतो आणि भरणारा त्याचे पाच पुरावे मोजतो. प्रत्येक ओळीसाठी मूळ मोजणीपर्यंत मागे जायचं. मोजणी सापडली नाही तर ती ओळ काढून टाकायची.

जिथे पट्टी अपुरी पडते

आयकॅटचा नियम आहे की प्रजातीला तिची आजवर नोंदलेली सर्वात वरची पायरी द्यायची, मग ती कुठल्याही जागची असो. सावधगिरी म्हणून हा नियम रास्त आहे. पण तुमच्या जागेचा निर्णय घेताना तो जसाच्या तसा वापरला तर फसगत होते. प्रशांत महासागरातल्या गुआम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर पोचलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने तिथल्या १२ स्थानिक वनपक्ष्यांपैकी १० नाहीसे केले. त्या पक्ष्यांना झाडावर चढणारा शिकारी साप कधी ठाऊकच नव्हता. जिथले पक्षी पिढ्यान्‌पिढ्या सापांसोबत जगत आले आहेत, तिथे तीच पायरी गृहीत धरता येत नाही. म्हणून जागतिक पायरी ही ‘काय होऊ शकतं’ याची वरची मर्यादा समजायची, आणि आपल्या प्रदेशासाठी वेगळी नोंद करायची. आयकॅटमध्ये प्रदेशापुरती नोंद करायची सोय आहे. लोक ती वापरत नाहीत, ही त्यांची घाई.

दुसरी अडचण मोठी आहे. पुरावा नसेल तर ‘अपुरी माहिती’ असा शेरा मिळतो. परक्या जागी वस्ती करून राहिलेल्या ४१५ पक्षीप्रजाती आयकॅटने तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांपैकी २९६ जणांच्या वाट्याला हाच शेरा आला. दहातले सात. आता जो माणूस तक्ता फक्त वरवर चाळतो, त्याच्या डोळ्यांना ‘अपुरी माहिती’ आणि ‘किमान चिंता’ सारखेच निरुपद्रवी दिसतात. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकात कुणीतरी जाऊन पाहिलं आणि नुकसान दिसलं नाही. दुसऱ्यात कुणी पाहिलंच नाही. आमचा आग्रह असा की ‘अपुरी माहिती’च्या ओळीला तक्त्यात वेगळा रंग द्यावा आणि पुढे तीन गोष्टी लिहाव्यात: तिच्या जवळच्या नातलग प्रजातींची सर्वात वरची पायरी, ज्या स्थानिक प्रजातींवर घाला पडू शकतो त्यांची नावं, आणि कोणती एक मोजणी केली तर शेरा बदलेल.

तिसरी गोष्ट, पट्टी मागे पाहते. घडलेलं नुकसान मोजते. निर्णय मात्र नुकसान घडण्याआधी घ्यायचा असतो, नाहीतर ते वरातीमागून घोडं ठरतं. मर्टल गंज ही मर्टल कुळातल्या झाडांवर येणारी बुरशी २०१० च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये सापडली. त्याच वर्षाच्या अखेरीस तिचं निर्मूलन शक्य नाही असं ठरलं. तिथल्या रानावर तिचा काय परिणाम होतो याची मोजणी तोवर असणं शक्यच नव्हतं. पुढच्या दशकात रोडॅम्निया रुबेसेन्स आणि रोडोमिर्टस सिडिऑइडीस ही पूर्वी सर्रास दिसणारी झाडं झपाट्याने घटत गेली. नव्या जागी पोचलेल्या रोगजंतूला आयकॅटची पायरी लावायला बसलात तर निर्णयाची मुदत टळून जाते. अशा वेळी पायरी नव्हे, पायऱ्यांची भाषा वापरायची: तज्ज्ञांना एकेकटं विचारायचं की ३० वर्षांनी ही प्रजाती या जागी प्रत्येक पायरीवर असण्याची शक्यता शंभरात किती, मग उत्तरं एकमेकांना दाखवायची आणि पुन्हा विचारायची. पायऱ्यांची व्याख्या पक्की असल्यामुळे सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतात. ‘जास्त धोका’ आणि ‘कमी धोका’ अशा शब्दांवर तज्ज्ञांचा जो वाद चालतो, तो बराचसा इथेच मिटतो.

चौथी, पट्टी डोकी मोजत नाही. एका प्रजातीची संख्या घटली काय किंवा चाळीस प्रजातींची, पायरी ‘मध्यम’च. एका ओढ्याकाठी घटली काय किंवा अख्ख्या पर्वतरांगेत, तरी तेच. म्हणून पायरीशेजारी किती स्थानिक प्रजाती, त्यांपैकी किती जगात फक्त तिथेच सापडणाऱ्या, आणि किती क्षेत्र, हे तीन आकडे आम्ही नेहमी मागतो.

यावरून सर्रास होणारा एक गैरवापर सांगतो, कारण तो अगदी कसलेल्या कार्यालयांतूनही दिसतो. पाच पायऱ्यांना १ ते ५ गुण द्यायचे, त्याला पसरण्याच्या शक्यतेचे १ ते ५ गुण लावून गुणायचे, आणि २५ पैकी आकड्यावर प्रजातींची रांग लावायची. या पायऱ्या क्रम सांगतात, अंतर सांगत नाहीत. ‘किरकोळ’कडून ‘मध्यम’कडे जाणं आणि ‘मोठा’कडून ‘प्रचंड’कडे जाणं यांचं वजन सारखं आहे असं कुठेही म्हटलेलं नाही. एका जागेवरून तात्पुरतं जाणं आणि कायमचं नाहीसं होणं यांत फक्त एका गुणाचा फरक धरणं हे तर उघड चुकीचं आहे. आयकॅट ही कारवाईची प्राधान्य-यादी नाही हे तिच्या मार्गदर्शिकेतच बजावलेलं आहे. तरी रांगा लागतात.

पायरीवरून निर्णयापर्यंत

निर्णयासाठी लागतो तो फरक: काहीच केलं नाही तर काय होईल आणि अमुक उपाय केला तर काय होईल, या दोहोंमधला. प्रजाती ‘प्रचंड’ आहे म्हणून तिच्यावर पैसा ओतावा हे आपोआप ठरत नाही. नुकसान आधीच होऊन गेलं असेल आणि उपायाने ते परत फिरणार नसेल, तर त्या उपायाचा पर्यावरणीय लाभ जवळजवळ शून्य. उलट आज ‘किरकोळ’ असलेली, पण वीस वर्षांत दुर्मीळ प्रजातींच्या पट्ट्यात पोचणारी मुंगी आता थांबवली तर लाभ फार मोठा. म्हणून तक्ता असा आखावा: आडव्या ओळींत उपाय (काहीच न करणं, विशिष्ट जागा राखणं, पसरणं रोखून धरणं, निर्मूलन), उभ्या रकान्यांत १०, ३० आणि १०० वर्षं, आणि प्रत्येक चौकटीत अपेक्षित पायरी, प्रजातींची संख्या, खात्री. ‘काहीच न करणं’ ही ओळ बहुतेक तक्त्यांत नसते. तिच्याविना बाकी ओळींना अर्थ नाही.

एवढं झालं की पैशांचा प्रश्न येतो. इथे आयकॅट थांबते. दुसरी साधनं घ्यावी लागतात. इन्व्हाकॉस्ट हा आक्रमक प्रजातींच्या नोंदलेल्या खर्चांचा खुला साठा आहे, सगळे आकडे २०१७ च्या अमेरिकी डॉलरमध्ये आणलेले. त्यावरून १९७० ते २०१७ या काळातला जगाचा किमान खर्च १,२८८ अब्ज डॉलर निघाला होता. साठा उत्तम आहे, पण वापरताना ‘प्रत्यक्ष’ आणि ‘संभाव्य’ खर्च वेगळे काढावेत, आणि ‘नुकसान’ व ‘व्यवस्थापन’ यांची सरमिसळ करू नये. ज्यांनी उपायावर खर्च केला त्यांचाच आकडा नुकसान म्हणून मोजला की जो जास्त झटला त्याचं नुकसान जास्त दिसतं. आणि पर्यावरणाचा रकाना इथेही अशक्तच आहे, कारण ज्याची पावती नाही ते साठ्यात येत नाही.

लोकांना थेट विचारून किंमत काढायची पद्धतही आहे: अमुक पक्षी वाचावेत म्हणून तुम्ही किती द्याल. तिच्यातला दोष एका जुन्या अमेरिकी अभ्यासाने लख्ख दाखवला. तेलाच्या तळ्यांत मरणारे पाणपक्षी वाचवण्यासाठी किती द्याल, असा प्रश्न तीन गटांना विचारला. एका गटाला पक्षी सांगितले २,०००, दुसऱ्याला २०,०००, तिसऱ्याला २,००,०००. सरासरी उत्तरं आली ८०, ७८ आणि ८८ डॉलर. शंभरपट पक्ष्यांनी किंमत जवळपास हललीच नाही. माणसाच्या मनात एक तडफडणारा पक्षी उभा राहतो, संख्या नाही. एक्सॉन वाल्डीझ या जहाजाच्या तेलगळतीनंतर १९९३ साली अमेरिकेच्या नोआ या समुद्र-हवामानविषयक सरकारी संस्थेने नेमलेल्या समितीने अशा सर्वेक्षणांसाठी कडक अटी घातल्या: समोरासमोर मुलाखत, ‘हो किंवा नाही’ असं मत मागणारा प्रश्न, आणि पैसा दुसरीकडूनही हवा असतो याची आठवण.

इथे आयकॅटचा एक उपयोग आहे, तो फारसा कुणी करत नाही. पर्याय-निवडीच्या सर्वेक्षणात लोकांपुढे दोन-तीन भविष्यं ठेवतात आणि एक निवडायला सांगतात. त्या भविष्यांचं वर्णन ‘निसर्गाची स्थिती: चांगली, बरी, वाईट’ असं केलं तर प्रत्येक जण आपापला अर्थ लावतो. त्याऐवजी पायऱ्यांची व्याख्याच साध्या भाषेत द्यावी: ‘या टेकड्यांवरून ३ प्रजाती जातील, मुंगी हटवल्यावर १० वर्षांत परततील’ किंवा ‘३ प्रजाती जगातून जातील’. मग पैसे कशासाठी मोजले ते नेमकं कळतं, आणि ती किंमत दुसऱ्या ठिकाणी उसनी न्यायची झाली तर पायरीशी पायरी जुळवता येते. किमतीची उसनवारी बहुतेक वेळा फसते ती याच जुळणीअभावी.

सर्वेक्षणाला वेळ किंवा पैसा नसेल तर उलटा प्रश्न विचारावा. समजा निर्मूलनाचा खर्च १०० एकक, ते यशस्वी झालं तर शेतीचं वाचणारं नुकसान १३० एकक, आणि यशाची शक्यता १० पैकी ६. अपेक्षित लाभ ७८. तूट २२. निर्मूलन रास्त ठरायला पर्यावरणाचा अपेक्षित लाभ निदान २२ हवा, म्हणजे यशस्वी झाल्यास २२ भागिले ०.६, साधारण ३७ एकक. आता प्रश्न ‘या पाच प्रजातींची किंमत किती’ असा अवाढव्य राहत नाही. ‘या पाच प्रजाती कायमच्या जाणं टाळण्यासाठी ३७ एकक जास्त आहेत का’ एवढाच उरतो. याचं उत्तर निवडून आलेले लोक देऊ शकतात, आणि द्यायला त्यांनीच हवं. शक्यतेने भागायला विसरणं ही या हिशेबातली ठरलेली चूक. २२ वर थांबणारे तक्ते आम्हाला वारंवार दिसतात.

सूट-दराकडेही, म्हणजे भविष्यातल्या लाभाची आजची किंमत दर वर्षामागे किती टक्क्यांनी कमी धरायची याकडेही, लक्ष हवं. ५० वर्षांनंतरच्या १०० एकक लाभाची आजची किंमत दर ७ टक्के धरला तर ३.४ येते, ३ टक्के धरला तर २२.८, आणि दीड टक्का धरला तर ४७.५. वर सांगितलेल्या झाडाची १२० वर्षं घेतली तर ३ टक्क्यांनीही १०० चे ३ उरत नाहीत. जे परत येऊ शकतं त्याच्यासाठी हा दर एक वेळ चालेल. जे परत येणार नाही ते सूट-दराने हळूहळू शून्याकडे ढकलणं आम्हाला मान्य नाही. ‘प्रचंड’ पायरीच्या ओळी पैशांच्या बेरजेत न मिसळता वेगळ्या दाखवाव्यात, शेजारी खर्च लिहावा, आणि निवड उघडपणे करावी. आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी व्यासपीठाच्या २०२३ च्या अहवालात आक्रमक प्रजातींचा वार्षिक खर्च ४२३ अब्ज डॉलरहून अधिक सांगितला आहे, आणि जगातून नाहीशा झालेल्या प्रजातींपैकी ६० टक्क्यांच्या बाबतीत आक्रमक प्रजाती हे एकमेव किंवा इतर कारणांबरोबरचं कारण होतं असंही नोंदवलं आहे. हे दोन आकडे एकाच पानावर शेजारी उभे राहू शकतात. त्यांची बेरीज होत नाही.

माणसांच्या जगण्यावरच्या परिणामासाठी सेइकॅट ही जोडपट्टी २०१८ मध्ये आली. ती पैशांऐवजी लोकांनी कोणती कामं कमी केली किंवा सोडली ते मोजते, आणि आयकॅटसोबत चांगली चालते. परक्या प्रजातीपासून स्थानिक जिवांना झालेल्या फायद्यासाठी २०२२ मध्ये ‘आयकॅट प्लस’ आली. ती सोबत ठेवावीच, पण फायदा वजा तोटा असं गणित करू नये. एका पक्ष्याला फळं मिळाली म्हणून दुसऱ्याचा लोप भरून निघत नाही.

विष किंवा सापळा यांसारख्या उपायाने होणारं नुकसान नोंदवायला आयकॅटमध्ये जागा नाही, कारण ती परकी प्रजाती नव्हे. ही उणीव आम्हाला सर्वात जास्त खटकते. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वेरी बेटावरून २००० पर्यंत मांजरं हटवली गेली, समुद्रपक्ष्यांना वाचवण्यासाठी. त्यानंतर सशांची संख्या भरमसाट वाढून बेटावरची झाडी उजाड झाली. मांजरं गेली हे त्याचं एक कारण. सशांवरच्या मिक्सोमा विषाणूचा जोर ओसरणं हे दुसरं, आणि कोणाचा वाटा किती यावर अभ्यासकांत वाद झाला. पुढे ससे, काळे उंदीर आणि छोटे घरगुती उंदीर एकदमच काढायचं ठरलं. विषारी आमिषाने मेलेली जनावरं खाऊन जायंट पेट्रेल आणि स्कुआ यांसारखे पक्षीही मेले. मग पुन्हा आमिष टाकण्याआधी सशांमध्ये रोगाचा विषाणू सोडून त्यांची संख्या घटवली, म्हणजे विषारी मढी कमी पडतील. २०१४ मध्ये बेट या तिन्ही प्राण्यांपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

म्हणून आम्ही तक्त्यात प्रत्येक उपायापुढे दुसरी ओळ धरतो आणि त्याच पाच पायऱ्या उपायाला लावतो: या विषाने, या सापळ्याने, या सोडलेल्या शत्रुकीटकाने, कुठल्या स्थानिक प्रजातीची संख्या घटेल, ती परतेल का, किती वर्षांत. विष-सापळ्यांसाठी हा अधिकृत वापर नाही, पण व्याख्या जशाच्या तशा लागू पडतात. पेट्रेल मेले तो परिणाम कायमचा नव्हता. युग्लँडिनाचा कायमचा होता. दोन्हींना ‘दुष्परिणाम’ म्हणून एकाच टोपलीत टाकलं की हा फरक दिसत नाही. जिथे उपाय स्वतःच जिवंत आहे, पसरणारा आहे आणि परत बोलावता येणार नाही, तिथे त्याची ओळ भरल्याशिवाय खर्चाची ओळ उघडूच नये.

आयकॅट कुणी वापरायला घ्यावी? ज्यांच्याकडे चार-पाच परक्या प्रजाती आहेत, स्थानिक जिवांची थोडीफार मोजणी झालेली आहे आणि निर्णयाला निदान काही महिन्यांचा अवधी आहे, त्यांनी डोळे झाकून घ्यावी. नुकतीच सापडलेली कीड दोन आठवड्यांत पसरणार असेल तर पूर्ण नोंदीच्या नादी लागू नये; वर सांगितलेली तज्ज्ञांची फेरी दोन दिवसांत उरकते, तेवढी करून कामाला लागावं. नोंद कुणी भरली आणि कुणी तपासली ही नावं वेगवेगळी असावीत. प्रत्येक ओळीवर पुराव्याची शेवटची तारीखही लिहावी. ‘किरकोळ’ हा शेरा पंधरा वर्षांपूर्वीच्या मोजणीवर उभा असेल, तर तक्त्यावर सही करण्याआधी कुणीतरी रानात जाऊन पुन्हा मोजून यावं.